वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती : चाके बदलणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (मुलुंड) : माझ्याकडे डब्ल्यूपी या भारतीय ब्रॉडगेजच्या प्रवासी वाफेच्या इंजिनाची एचओ प्रमाणातील, म्हणजे १:८७ ची, पितळी प्रतिकृती आहे. बाकी सर्व काम सुबक असले तरी चाकांचे फ्लँज (चाक रुळावरून सरकू नये म्हणून असलेली आतली उंच कड) फार मोठे दिसतात. मूळ मापाशी जुळणारी चाके निवडताना काय पाहावे?

उत्तर : सुरुवात मूळ इंजिनापासून करावी. डब्ल्यूपीच्या चालक चाकांचा व्यास १७०२ मिमी होता आणि त्याला ८७ ने भागल्यास १९.५६ मिमी येतो. हा व्यास रुळावर टेकणाऱ्या धावेचा, म्हणजे चाकाच्या घेरावरच्या धातूच्या पट्ट्याचा, असतो, त्यात फ्लँज धरायचा नसतो. चाक विकत घेताना दिलेले माप नेमके कुठले आहे हे विचारून घ्यावे, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

फ्लँजबद्दलची आपली तक्रार रास्त आहे. भारतीय ब्रॉडगेजच्या नव्या चाकाचा फ्लँज २८.५ मिमी खोल असतो, म्हणजे एचओमध्ये तो जेमतेम ०.३३ मिमी यायला हवा. अमेरिकेच्या एनएमआरए या प्रतिकृती-रेल्वेच्या संस्थेने सुचवलेल्या आरपी-२५ या आकाराच्या नेहमीच्या चाकाचा फ्लँज सुमारे ०.६४ मिमी, जवळजवळ दुप्पट, असतो आणि जुन्या खेळण्यांच्या धाटणीच्या चाकांचा त्याहूनही मोठा. याचा परिणाम केवळ दिसण्यापुरता राहत नाही. शेजारशेजारच्या दोन चालक चाकांमध्ये दोन फ्लँज समोरासमोर येतात, त्यामुळे जागा अपुरी पडते आणि ती भरून काढण्यासाठी काही निर्माते चाकाचा व्यासच थोडा कमी करतात. इंजिन ठेंगणे का वाटते, याचे कारण अनेकदा इथे सापडते.

तिसरे माप म्हणजे क्रँकपिनचे (चाकाला रॉड जोडणाऱ्या खुंटीचे) चाकाच्या केंद्रापासूनचे अंतर. ते पिस्टनच्या स्ट्रोकच्या, म्हणजे तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो त्या अंतराच्या, निम्मे असते. डब्ल्यूपीच्या पिस्टनचा स्ट्रोक २८ इंच, म्हणजे ७११ मिमी, म्हणून हे अंतर एचओमध्ये ४.०९ मिमी येते. नव्या चाकात ते ४.५ मिमी असेल तर क्रॉसहेडला (पिस्टनचा दांडा आणि रॉड जोडणाऱ्या सरकत्या भागाला) पूर्वीपेक्षा सुमारे ०.८ मिमी जास्त सरकावे लागते आणि तो सिलिंडरच्या झाकणावर आपटू शकतो. व्यास जुळला म्हणून चाक घेतले आणि इंजिन अर्ध्या फेऱ्यात अडकले, ही तक्रार बहुतेक वेळा या मापाकडे झालेल्या दुर्लक्षातून येते.

शेवटी चाकाचा दर्शनी भाग. आऱ्यांची संख्या, प्रतिभाराचा (चाकाचा तोल राखणाऱ्या वजनाचा) आकार, क्रँकपिन आऱ्याच्या रेषेत आहे की दोन आऱ्यांच्या मध्ये, हे सर्व जवळून घेतलेल्या छायाचित्रावरून तपासावे. बाल्डविन कंपनीने १९४७ साली बांधलेले ७२०० क्रमांकाचे डब्ल्यूपी जतन केलेले आहे. ते पाहायला जाणे झाले तर चाकांची समोरून, सरळ कोनातून छायाचित्रे अवश्य घ्यावीत. माझ्या मते चुकीच्या आऱ्यांचे चाक हे थोड्या मोठ्या फ्लँजपेक्षा डोळ्यांना अधिक खटकते.

प्रश्न (बोरिवली) : मी डबे आणि इंजिन दोन्हींना अरुंद धावेची नवी चाके बसवली. सरळ मार्गावर गाडी उत्तम धावते, पण सांध्यावर, म्हणजे मार्ग दोन दिशांना फुटतो तिथे, चाके दणका देऊन खाली बसतात आणि कधी घसरतात. चाके सदोष आहेत का?

उत्तर : बहुधा नाहीत. चाक आणि रूळ ही एकच जोडी आहे आणि आपण त्यातले एकच अंग बदलले आहे. सांध्याच्या क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, फ्लँज जाण्यासाठी रुळात खाच असते. एचओच्या सर्वसाधारण मार्गात ती सुमारे १.२७ मिमी रुंद असते. चाक या मोकळ्या जागेवरून आधार न सोडता जावे, यासाठी त्याची एकूण रुंदी खाचेच्या दुपटीहून, म्हणजे २.५४ मिमीहून, जास्त असावी लागते. कोड ११० चे (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत चाकाची रुंदी) चाक २.७९ मिमी रुंद असल्याने पार होते. कोड ८८ चे चाक मात्र २.२४ मिमीच असते, म्हणून ते क्षणभर खाचेत उतरते. तो दणका याचाच आहे. उपाय दोन : खाच प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने अरुंद करावी आणि त्याबरोबर चाकांची आतली मापेही तपासावीत, किंवा सध्याच्या सांध्यांवर कोड ११० चीच चाके ठेवून त्यांच्या धावेची बाहेरची कड काळी करावी, त्यामुळे रुंदी डोळ्यांना बरीच कमी भासते. ज्यांचा मार्ग पक्का बसवलेला आहे त्यांना मी दुसरा उपाय सुचवेन.

घसरण्याचे कारण वेगळे असू शकते. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पृष्ठभागांमधले अंतर मोजावे. १६.५ मिमीच्या मार्गासाठी ते सुमारे १४.४ मिमी असावे लागते. ते कमी असल्यास चाकांच्या पाठी चेक रेल आणि विंग रेल (क्रॉसिंगजवळ चाकाला दिशा देणारे आतले जादा रूळ) यांच्यात आवळल्या जातात व चाक वर चढते. जास्त असल्यास फ्लँज क्रॉसिंगच्या टोकावर आदळतो आणि चुकीच्या मार्गाला लागतो. हे माप आसाच्या घेरावर तीन-चार ठिकाणी घ्यावे, कारण चाक आसावर तिरके बसले असेल तर एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चूक असा आकडा येतो. यासाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा साधा डिजिटल व्हर्नियर पुरतो, परंतु ओळखीच्या लेथवाल्याकडून नेमक्या मापाचा पितळी ठोकळा करून घेतल्यास प्रत्येक आस त्यावरच तपासता येतो आणि काम फार सोपे होते.

प्रश्न (गिरगाव) : गोल आसावर दाबून बसवायची चाके मागवली आहेत. डाव्या-उजव्या चाकांतला कोन कसा साधावा?

उत्तर : मूळ दोन सिलिंडरी इंजिनात डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये ९० अंशांचा फरक असतो, म्हणजे एक बाजू मृत बिंदूवर (पिस्टन टोकाला पोचून चाक फिरवू शकत नाही अशा स्थितीत) असताना दुसरी जोर लावू शकते. प्रतिकृतीत मोटर थेट आसाला फिरवत असल्याने कोन नेमका ९० असण्यापेक्षा सर्व आसांवर सारखाच असणे अधिक महत्त्वाचे ठरते. एका आसावर ९० आणि दुसऱ्यावर ८७ असा फरक राहिला तर चाके एकमेकांना जोडणारे कपलिंग रॉड आवळतील. चाक हाताने न दाबता ड्रिल स्टँडमध्ये सरळ धरून हळूहळू दाबावे. आधी दोनच आसांचे रॉड जोडून मोटरशिवाय चौकट काचेवर ढकलून पाहावी आणि ती मुक्त फिरल्यावरच तिसरा आस जोडावा. अडखळते म्हणून रॉडची भोके मोठी करत सुटू नये. चुकीचा कोन तसाच राहतो आणि वर खडखडाट येतो. आसाची टोके चौकोनी असलेली, मार्किट्स कंपनीच्या चाकांसारखी चाके मिळाली तर कोनाचा प्रश्नच उरत नाही आणि नवख्याने तीच घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिकच्या मध्यभागाची चाके घेतल्यास चाकातून वीज घेणारी पत्ती धातूच्या धावेच्या पाठीला टेकते की नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

प्रश्न (घाटकोपर) : जुन्या चाकांचेच फ्लँज लेथवर कमी करून घेतले तर चालेल का?

उत्तर : पोलादी किंवा निकेल सिल्व्हरच्या धावेचे चालतील. जस्ताच्या मिश्रधातूची, वरून मुलामा दिलेली चाके मात्र लेथवर चढवू नयेत. मुलामा गेला की वीज नीट मिळत नाही.

प्रश्न (दादर) : भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमीची असताना १६.५ मिमीच्या मार्गावर अचूकतेचा आग्रह धरण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे. एचओमध्ये १६.५ मिमी म्हणजे १४३५ मिमीची स्टँडर्ड गेज होते, तर आपली ब्रॉडगेज १९.२६ मिमी यायला हवी. म्हणजे प्रत्येक बाजूची चाके १.३८ मिमी आत राहतात. इंजिन समोरून पाहिले तर हे जाणवते. बाजूने पाहिल्यास व्यास, आरे आणि फ्लँज हेच दिसतात आणि ते सर्व १६.५ मिमीवरही बरोबर साधता येतात. खऱ्या रुंदीचा मार्ग करायचा असेल तर प्रत्येक सांधा हाताने बांधावा लागेल, सिलिंडर आणि क्रँकपिन यांच्यातली जागा नव्याने आखावी लागेल. छोट्या फलाटाच्या दर्शनी देखाव्यासाठी ते करण्याजोगे आहे. भिंतीभर पसरलेल्या मार्गासाठी ते करू नये. त्या वेळात चार इंजिनांची चाके सुधारून होतील.

प्रश्न (वर्सोवा) : पोलादी धावांवर पावसाळ्यात तांबूस डाग येतात. काय करावे?

उत्तर : समुद्राजवळ हे होणारच, म्हणून शक्य असेल तिथे निकेल सिल्व्हरच्या धावेची चाके घ्यावीत. पोलादी असतील तर बोटांचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, इंजिन डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. धावेवर पॉलिश पेपर घासू नये, कारण त्या बारीक ओरखड्यांत रुळावरची घाण अडकून बसते. चाके रसायनाने काळी करायची असल्यास दर्शनी भाग आणि बाहेरची कड तेवढी करावी. रुळाला व पत्तीला टेकणारे भाग झाकून ठेवावेत आणि नंतर चाके पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून मगच आसावर चढवावीत.