मी मॅसॅच्युसेट्समध्ये कपड्यांच्या दुकानात काम करते. रविवारी दीडपट पगार मिळतो असं ऐकलं होतं, मला मिळत नाही. ही फसवणूक आहे का?

नाही. १ जानेवारी २०२३ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानातल्या कामाला रविवारचे किंवा सुटीच्या दिवसाचे जादा पैसे देण्याची सक्ती उरलेली नाही. तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते पूर्वीचं सांगत असतील. तेव्हा सातपेक्षा जास्त माणसं असलेल्या दुकानांना दीडपट द्यावीच लागायची.

२०१८ मध्ये कामगारांच्या बाजूने किमान वेतनवाढीसाठी आणि दुकानदारांच्या संघटनेने विक्रीकर कमी करण्यासाठी, असे दोन्ही प्रश्न थेट मतदारांपुढे न्यायची तयारी चालली होती. ते टाळायला विधिमंडळाने तडजोड घडवली आणि गव्हर्नर चार्ली बेकर यांनी जूनमध्ये सही केली. किमान वेतन तासाला ११ वरून टप्प्याटप्प्याने १५ डॉलर झालं. त्या बदल्यात रविवारची दीडपट २०१९ मध्ये १.४ वर आली, पुढच्या वर्षी १.३, असं करत २०२३ मध्ये साधा दर उरला.

हा सौदा मला आजही अन्यायाचा वाटतो. अकरा डॉलरवर राबणाऱ्यांचं भलं झालं, ते नाकारत नाही. पण जी जुनी, अनुभवी बाई आधीच सोळा डॉलर घेत होती तिच्या हाती वाढीतलं काहीच पडलं नाही, आणि रविवारच्या आठ तासांमागे ६४ डॉलर मात्र गेले. मी तेव्हा दुकानातच कामाला होतो. घरभाड्याची तोंडमिळवणी व्हावी म्हणून रविवार मागून घेणाऱ्या बायका आमच्याकडे होत्या.

पण दीडपट गेली तरी रविवारी काम करायला नकार देण्याचा हक्क गेलेला नाही, आणि हे मॅनेजर आपणहून सांगत नाहीत. तुमच्यासारख्या दुकानात रविवारचं काम ऐच्छिक आहे. नववर्षदिन, मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे यांचंही तसंच. ‘येणार नाही’ म्हटलं म्हणून तुमचे तास कापता येत नाहीत की नोकरीवरून काढता येत नाही. (पेट्रोल पंप, औषधांची दुकानं यांचे नियम वेगळे आहेत.) असं कोणी केलं तर अ‍ॅटर्नी जनरलच्या फेअर लेबर विभागाकडे तक्रार करा. त्यासाठी वेळापत्रकांचे फोटो आणि पगाराच्या पावत्या आत्तापासूनच जपून ठेवा.

रविवार धरून आठवड्याचे ४० तास ओलांडले, तर वरच्या तासांना दीडपट मिळायला हवी. तो कायदा वेगळा आहे. पगार निव्वळ कमिशनवर असला तरी हे पैसे वेगळे द्यावे लागतात, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्लीपीज या गाद्यांच्या दुकानांविरुद्धच्या खटल्यात दिला.

तुम्ही सीकाँक किंवा अ‍ॅटलबरोच्या बाजूला राहत असाल तर शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्येही काम शोधून बघा. तिथे दुकानांत रविवारची आणि सुटीची दीडपट अजून कायद्यात आहे, शिवाय त्या दिवशी बोलावलं की किमान चार तासांचं काम द्यावं लागतं.