दोन महिन्यांसाठी नवे बूट कशाला?

सातव्या-आठव्या महिन्यातल्या नोकरदार बायका समोर बसल्या की एक प्रश्न हमखास निघतो, आणि तोही बहुतेकदा उठता उठता, जरा संकोचून. “ताई, पाय इतके सुजतात की कामावरचे बूट चढतच नाहीत. पण आता दोन महिन्यांसाठी नवे कशाला घ्यायचे?” यात काटकसर असते, कामावर कोण काय म्हणेल ही धास्ती असते, आणि ‘सगळ्यांचेच सुजतात, मीच काय बाऊ करायचा’ हेही असतं. मग जुनेच बूट कोंबून दिवस काढले जातात.

इंदूरला एका प्रसूतिगृहात मी समुपदेशनाचं काम करते. ही हकीकत तिथल्याच एकीची. तिला विचारून, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते आहे. खासगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवणारी, पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा. आमच्याकडे एप्रिलमध्ये शाळेचं नवं सत्र सुरू होतं, म्हणजे नवी रडकी मुलं आणि चाळिशीला टेकलेलं ऊन एकदमच. शाळेत काळ्या बंद बुटांचा नियम, म्हणून ती काळ्या बेलीज, म्हणजे सपाट तळाचे, बिनलेसचे बंद बूट, घालायची. संध्याकाळी सासूबाईंबरोबर आली तेव्हा बेलीजची मागची कड टाचेखाली दुमडलेली होती आणि ती पाय फरफटत चालत होती. असे टाच दुमडलेले बूट मी रोज बघते. जिन्यावर त्यांच्याइतकं धोक्याचं काही नाही. पोट पुढे आलेलं, तोल आधीच बदललेला, त्यात बूट मागून सुटलेला.

मी डॉक्टर नाही, म्हणून बुटांकडे वळण्याआधीचे माझे प्रश्न ठरलेले असतात. रात्रभर आडवं झाल्यावर सकाळी सूज उतरते का? दोन्ही पायांना सारखीच आहे का? चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती, हाताच्या बोटांवर एकाएकी आली आहे का? डोकं ठणकतं का, डोळ्यांपुढे ठिपके किंवा चमका येतात का, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतं का? विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली तर ते प्रीएक्लॅम्पसिया असू शकतं. त्यात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, आणि तिथे बुटांची चर्चा करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तसंच एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम आणि लालसर दिसते, तर शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पायाला तेल लावून चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण आपल्या घरांमध्ये पाय दुखला की आधी तेलाची वाटी पुढे येते.

हिचं तसं काही नव्हतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं होतं. रक्तदाब ठीक, लघवीची तपासणी ठीक. सकाळी पाय हलके असायचे, मधल्या सुट्टीपर्यंत घोट्याची हाडं दिसेनाशी व्हायची, आणि संध्याकाळी बोट दाबलं की खळगा पडायचा. गरोदरपणातली नेहमीची सूज.

“मग माझीच चप्पल घाल की,” सासूबाई म्हणाल्या. “दोन महिन्यांचा तर प्रश्न.”

तेव्हा मी दोघींनाही थोडं कारण सांगितलं. गरोदरपणी अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाबतं, त्यामुळे पायांतून वर जाणारं रक्त रेंगाळतं आणि पाणी पाझरून घोट्यांशी साठतं. तासन् तास उभं राहिलं, उकाडा वाढला की ते आणखी साठतं. एवढं बऱ्याच जणींना ठाऊक असतं. त्याच्या जोडीला जे होतं ते मात्र कोणी सांगत नाही. या काळात सांध्यांचे बंध सैलावतात, वर वजन वाढलेलं असतं, त्यामुळे तळव्याची कमान जराशी खाली बसते आणि पाऊल खरोखरच लांब-रुंद होतं. सूज उतरते, हे वाढलेलं माप पुष्कळदा तसंच राहतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ बायकांची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि पुन्हा बाळंतपणानंतर काही महिन्यांनी मोजली होती. २०१३ साली ते निष्कर्ष आले. ६० ते ७० टक्के जणींची पावलं वाढलेली होती, लांबीत २ ते १० मिलिमीटरपर्यंत, आणि पहिल्या खेपेला हा फरक जास्त दिसला. आपल्याकडच्या बुटांचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर.

सासूबाई ऐकत होत्या. “थांबा हं,” त्या म्हणाल्या. “लग्नात मी पाच नंबर घालायचे. मोठ्याच्या वेळेपासून सहा घालते. मी आपली समजत होते, वयाने पाय पसरले.”

“काकू, मोठा मुलगा झाला तेव्हा वय काय होतं तुमचं?”

“तेवीस!” आणि त्या स्वतःच हसायला लागल्या. त्यानंतर दोन महिन्यांचा मुद्दा त्यांनी काढला नाही, उलट खरेदीची घाई त्यांनाच झाली.

सुनेचा मात्र अजून विश्वास बसत नव्हता. मी जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं घातलं, तिला त्यावर उभं केलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली. मग त्या रेघेवर तिची बेली ठेवली. पुढे बोटांपाशी दोन्ही अंगांनी रेघ बाहेर राहिली, करंगळीकडे तर चांगलीच. “इतकं मी आत कोंबते?” ती म्हणाली. हा कागद करायचा तो संध्याकाळी, पाय सर्वात सुजलेले असताना, आणि उभं राहून, म्हणजे अंगाचं वजन पावलावर येतं. दोन्ही पायांचा काढायचा, मोठा असेल त्याच्या मापाने बूट घ्यायचे. कागद घडी करून पर्समध्ये ठेवायचा. दुकानात बूट आवडला की त्याचा तळ रेघेवर ठेवून बघायचा, पायात घालायच्याही आधी. रेघ बाहेर दिसली की तो बूट परत.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दोघी राजवाड्याकडच्या बाजारात गेल्या. दुकानदार काय म्हणेल ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तो तेच म्हणाला: “पहनते-पहनते खुल जाएगा, मैडम.” चामडं थोडंफार खुलतं, हे खरं. पण सुजलेल्या पायाने ते खुलण्याची वाट बघायची नसते. तोवर फोड येतात. दुकानातच दोन्ही बूट घालून चार पावलं चालायचं, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का बघायचं, बोटं आत हलतात का बघायचं. लांबी मिळावी म्हणून उगाच दोन नंबर मोठा घेतला तर टाच निसटते. हवी असते ती रुंदी. पुढून गोल किंवा चौकोनी बूट बघा, टोकदार नकोच.

बायकांच्या बुटांमध्ये रुंद पंजा मिळणं कठीण, ही आपल्या बाजाराची रड आहे. अशा वेळी पुरुषांच्या किंवा शाळकरी मुलांच्या विभागात साधे काळे बूट बघायला अजिबात लाजू नका. साडीखाली कोणाला कळत नाही. हिला अखेर वेलक्रोच्या पट्ट्याचे, मागून बंद, रबरी खाचदार तळाचे बूट मिळाले. वेलक्रोचा फायदा असा की सकाळी पट्टा ओढून लावता येतो, मधल्या सुट्टीत सैल करता येतो, आणि पोटापुढे वाकून लेस बांधायला नको. टाच अगदी सपाट नसावी, दोन-तीन सेंटीमीटरची रुंद टाच बऱ्याच जणींना बरी वाटते. अगदी पातळ सपाट तळाने टाच आणि कंबर दुखते, आणि उंच टाचेने तोल जातो. मऊ तळाची ती डॉक्टर चप्पल घरात उत्तम आहे, पण मागे पट्टा नसेल तर रस्त्यावर आणि जिन्यावर नको. ऑनलाइन मागवायचेच असतील तर परत करता येतील असेच मागवा, आणि घालून बघा ते संध्याकाळी.

मग विषय निघाला जोडव्यांचा. तो तिने काढला नव्हता, मला दिसला. दोन्ही पायांत चांदीची जाड जोडवी, बोटात इतकी रुतलेली की मागचं-पुढचं मांस वर आलेलं. मी सासूबाईंकडे बघितलं, कारण या बाबतीत सुनेपेक्षा घराशी बोलावं लागतं. काढायची म्हटलं की घरोघरी जरा शांतता पसरते. मी एवढंच म्हटलं, “काकू, आज साबणाने निघतील. महिनाभराने सराफाला कात्री लावावी लागेल.” बोटाचा रंग बदलला, बधिरपणा आला तर दिवस बघत बसायचं नसतं. रात्री नाही, सकाळी पाय हलके असताना, थंड पाण्यात पाच मिनिटं पाय बुडवून, साबण लावून, हळूहळू फिरवत काढायची. बहुतेक जोडव्यांना खाली फट असते, ती बोटाने थोडी फाकवता येते. मंगळसूत्र गळ्यात आहेच, असं सासूबाई स्वतःच म्हणाल्या, आणि तो प्रश्न तिथे संपला. पैंजण सैल होते, ते तिने ठेवले.

शाळेचा भाग लांबला. नव्या बुटांना वेलक्रो आहे, वरून थोडे स्पोर्ट्ससारखे दिसतात, तर मुख्याध्यापिका काय म्हणतील, या काळजीने तिने ते दोन दिवस पिशवीतच ठेवले होते. विचारलं का, तर नाही. “मॅडम म्हणतील, नखरे.” आम्ही बसून चार ओळींचा अर्ज लिहिला: डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोकळे काळे बूट घालण्याची परवानगी द्यावी, वर्गात खुर्ची मिळावी, प्रार्थनेच्या वेळी बसू द्यावं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

हा काही मेहेरबानीचा अर्ज नाही, हेही तिला सांगितलं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून अशी तरतूद आहे की अपेक्षित तारखेच्या आधीच्या दहाव्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान, आणि त्यापुढेही रजा न घेता कामावर असेल तर, गरोदर स्त्रीने मागणी केल्यास तिला दमवणारं किंवा फार वेळ उभं राहावं लागेल असं काम देता येत नाही, आणि त्यापायी पगारही कापता येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली आहे. मागणी मात्र आपणच करावी लागते, तीही लेखी केलेली बरी. एकतिसावा आठवडा म्हणजे ती नेमकी त्या मुदतीत होती.

बुटांना परवानगी जागच्या जागी मिळाली. “काळे आहेत ना? मग?” एवढंच उत्तर. खुर्चीला वेळ लागला. शिक्षक बसले की वर्ग हाताबाहेर जातो, असं कारण आलं. काही शाळांनी वर्गातून शिक्षकांच्या खुर्च्याच काढून घेतल्या आहेत, आणि ही पद्धत मला कधीही पटलेली नाही. दुसरीतल्या मुलांना तर बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत थेट बघता येतं. आधी एक डुगडुगतं स्टूल आलं. तिने ते परत केलं आणि पाठ टेकेल अशी खुर्ची मागितली. ती आली. माझ्या दृष्टीने बुटांपेक्षा हे मोठं होतं, कारण एप्रिलच्या सुरुवातीला हीच मुलगी विचारायलाही तयार नव्हती.

बाकीचे उपाय साधे आहेत. दर तासाला घोटे गोल फिरवणं, चवडे वर-खाली करणं. घरी आल्यावर पाय उशीवर घेऊन पडणं, झोपताना डाव्या कुशीवर होणं. सुजेच्या भीतीने पाणी कमी करू नका, आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या मनाने अजिबात घेऊ नका. मीठ बंद करायचं कारण नाही, पण आम्हां इंदूरकरांचं बोलायचं तर पोह्यांवर मूठभर शेव, वर जिरावन हा खारट मसाला, दुपारी चहाबरोबर पुन्हा शेव, हे जरा आवरावं लागतं. घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच वापरा, आणि ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, सूज आल्यावर नाही.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस सूज उलट वाढू शकते, मग आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. तेव्हाही डोकं फार दुखलं, अंधुक दिसलं, तर दवाखाना गाठायचा. रक्तदाबाचा तो त्रास बाळंतपणानंतरही उद्भवतो. आणि जुने बूट लगेच कोणाला देऊन टाकू नका. तीन-चार महिने जाऊ द्या, पुन्हा कागदावर पाऊल काढा, मग ठरवा. हिचं पाऊल अर्ध्या नंबराने वाढलेलंच राहिलं. बेलीज नणंदेकडे गेल्या, आणि वेलक्रोचे बूट पट्टा ओढून ती अजून शाळेत घालते. जोडवी डबीत आहेत. सैल करून आणायला सराफ्यात जाणं अजून झालेलं नाही, असं परवा बाळाच्या लसीला आली तेव्हा म्हणत होती.