काकांचा नंबर

पत्र थोडक्यात : मी ३९ वर्षांची, पुण्यात नोकरीला, आईबाबांची एकुलती एक. बाबा ७१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. नागपुरात मनीषनगरला फ्लॅटमध्ये दोघंच असतात. गेल्या महिन्यात तोतया पोलिसांनी ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरूनच अटक केल्याची भीती घालून बाबांना दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं आणि अकरा लाख उकळले. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच सूर आहे : एकच मूल, तेही बाहेरगावी, दुसरं काय होणार! बाबांचा स्मार्टफोन आणि पासबुकं मी ताब्यात घेऊ का? तक्रार झाली आहे. बाबांनी आईच्या साध्या फोनवरून नागपुरातच महाल भागात राहणाऱ्या काकांना फोन केला म्हणे. तेच रात्री आले, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, पोलिसांकडे घेऊन गेले. अडीच लाख बँकेने रोखून धरलेत. घराच्या वाटणीपासून अकरा वर्षं काकांशी आमचं बोलणं नाही, माझ्याकडे त्यांचा नंबरही नाही.

उत्तर :

चार पानांच्या पत्रात काकांना तू जेमतेम चार ओळी दिल्यास. मी तिथेच अडकले.

अकरा वर्षं न बोललेल्या भावाचा नंबर तुझ्या बाबांना पाठ होता. बाहेरच्या खोलीत मोबाईलवर तो तोतया पोलीस नजर लावून बसलेला, आणि तुझे बाबा आत जाऊन बायकोच्या फोनची बटणं एकेक करून दाबतात. त्या फोनमध्ये तुझा नंबर नक्की सेव्ह असणार. तरी लावला भावाला. हे तुला लागलंय, ‘म्हणे’ हा शब्द उगाच आलेला नाही. पण बाई, लेकीसमोर लाज वाटते. लहानपणापासून ज्याने आपल्याला रडताना पाहिलंय, त्याच्यासमोर वाटत नाही.

आणि काका? ‘आता बरी आठवण झाली’ असं एका शब्दाने म्हणाले असते, तर तू ते नक्की लिहिलं असतंस. ते आले आणि आधी १९३० लावला. हे पैसे तासाभरात एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात. नोंद जितकी लवकर, तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. उजाडायची वाट पाहिली असती तर ते अडीच लाखही गेले असते. ती रक्कम परत मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याचा पाठपुरावा मात्र तू कर.

ग्रुपवरच्या बोलण्याची मला चीड आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे, म्हणजे बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. एक मूल हा काही तुझ्या आईबाबांचा अपराध नाही. भरल्या घरातली माणसं फसत नव्हती का? पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजना आपल्या नागपूरने कमी पाहिल्या नाहीत. तिथे तर साडूने साडूला ओढलं, भाच्याने मामाला. नात्याच्या भरवशावरच लोकांनी पैसे ओतले. आताच्या या टोळ्यांचं तंत्र उलटं आहे. ‘कोणाला सांगायचं नाही’ हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. बाबांनीही कुठेतरी ऐकलं असेलच. पण अंगावर गणवेश घातलेला माणूस ओरडायला लागला की ऐकलेलं आठवत नाही. शेजारी बसून ‘ठेव तो फोन’ म्हणणारं कोणीतरी लागतं.

तुमच्याकडे असं माणूस होतं. स्कूटरने जाता येईल एवढ्या अंतरावर होतं. जन्म कमी झाले म्हणून तुमचं घर लहान झालं, हे अर्धंच खरं. उरलेलं तुम्ही वाटणीपत्रावर सह्या करून लहान केलंत. तू तेव्हा २८ वर्षांची होतीस, लहान नव्हतीस. मोठ्यांनी बोलणं टाकलं आणि तूही टाकलंस. एक नंबरसुद्धा ठेवला नाहीस.

फोन आणि पासबुकं बाबांकडेच राहू दे. काढून घेतलीस तर पुढच्या वेळी ते तुझ्यापासूनही लपवतील, आणि लपवणं हेच त्या भामट्यांना हवं असतं.

तू आता एकच कर. शुक्रवारी रात्रीची गाडी धर. शनिवारी सकाळी मनीषनगरला जाऊ नकोस, सरळ महालात जा. बाबांना सोबत नेऊ नकोस, नाहीतर दोघं भाऊ हवापाण्यावर बोलतील आणि तू कोपऱ्यात बसून राहशील. मिठाईचा डबाही नको, परतफेड केल्यासारखं वाटेल. काकांच्या पाया पड आणि सांग, ‘त्या रात्री तुम्ही आलात.’ वाटणीचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घे, बाबांची बाजू मांडू नकोस. काकू चहा ठेवतील, जेवायलाही थांबवतील. थांब. त्यांचे दोघांचेही नंबर तिथेच बसून फोनमध्ये घाल, आणि तुझा नंबर काकूंच्या हातात दे, कागदावर, मोठ्या अक्षरात.