वायरीला हात लावण्याआधी परवानगीचा कागद टप्प्यांसह लिहून घ्या

नमस्कार. अरुंद मापाच्या (नॅरोगेज) रेल्वेच्या जुन्या प्रवासी डब्यात पुन्हा दिवे लावायचे तुमच्या गावातल्या मंडळींनी ठरवले आहे, ज्यांच्या आवारात डबा उभा आहे त्यांचा तोंडी होकार मिळाला आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या जुन्या वायरी एकदम काढायचा बेत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. आम्हीही हौशी मंडळी जमवून अशाच एका डब्याचे काम केले असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. बॅटरी सोडवणे, मुख्य फ्यूज काढून खिशात ठेवणे या गोष्टी तुम्हाला सांगायला नकोत. मी परवानाधारक अभियंता नाही, त्यामुळे तांत्रिक भाग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.

आमच्याकडे तोंडी होकार नव्हता, रीतसर पत्र होते. त्यात "विद्युत दुरुस्तीस हरकत नाही" एवढे एकच वाक्य होते आणि ज्या कार्यालयाने ते दिले त्यांच्याच आवारात डबा उभा होता. अर्ध्या डब्यातल्या जोडपेट्या, म्हणजे वायरी जिथे एकमेकींना जोडतात त्या पेट्या, उघडून झाल्या होत्या, छताच्या पट्ट्या उतरवून ठेवल्या होत्या, अशा वेळी तिथले अधिकारी बदलले. नव्या अधिकाऱ्यांनी दुरुस्ती म्हणजे दिवे बदलणे असा अर्थ लावला आणि काम थांबवून आवाराला कुलूप घातले. मृग तोंडावर आला होता. आम्ही काम पुढे नेण्याची परवानगी मागतच नव्हतो. उघड्या जोडपेट्या बंद करून वर ताडपत्री बांधण्यापुरते आत जाऊ द्या, एवढीच विनंती होती. तिच्यावर "फाइल वर पाठवली आहे" याखेरीज उत्तर मिळाले नाही, आणि वर म्हणजे कुठे हेही कोणी सांगितले नाही. पाऊस कोणाच्या फायलीसाठी थांबत नाही.

कुलूप उघडले तेव्हा सागवानी पट्ट्या फुगून क्लिपांमधून सुटल्या होत्या, जोडपेट्यांतल्या पितळी स्क्रूंवर हिरवा कळंक चढला होता आणि वायरींवरचे सुती वेष्टण ओल्या वातीसारखे पाणी पिऊन बसले होते. बॅटरीच्या पेटीपासून फ्यूजबोर्डापर्यंत जाणारी मुख्य वायरींची जोडी आम्ही आधी तपासली होती आणि ती ठेवण्याजोगी निघाली होती. आता मेगरचा, म्हणजे वायरीचे वेष्टण वीज कितपत अडवते ते मोजणाऱ्या यंत्राचा, काटा शून्याशेजारीच राहिला. ती जोडी काढून टाकावी लागली. रबराची ती मूळ वायर आता बाजारात मिळत नाही. वेष्टणाच्या रबरातले गंधक तांब्याला खाते म्हणून त्या काळी तांब्याला कल्हई करत असत, आणि ती कल्हई इतक्या वर्षांनी आतून लख्ख होती. नुकसान बाहेरून शिरलेल्या ओलीने केले, आणि ते ताडपत्रीच्या एका तुकड्याने टळले असते. हा राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून माझे ठाम मत असे, की पत्र हाती येईपर्यंत एकही क्लिप उचलू नका, आणि पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. पाहणी व नोंद, चाचणी, सुटे भाग काढणे, नवी जोडणी, असे टप्पे त्यात वेगळे लिहा. काढलेल्या वस्तू कोणाच्या ताब्यात राहतील तेही लिहा, नाहीतर पितळी होल्डर आणि चिनीमातीचे फ्यूज भंगाराच्या ढिगात जातात. सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की कोणत्याही कारणाने काम थांबले तरी उघडा भाग बंद करण्यासाठी स्वयंसेवकांना प्रवेश मिळेल. पत्र पदाच्या नावाने घ्या आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा.

दुसरे मत वेळेबद्दल. उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत मला पटत नाही, कारण मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात दुपारी माणूस टिकत नाही आणि काम लांबले की पाऊस येतो. आपल्याकडे कामाला येणारी पोरे बहुतेक शेतकऱ्यांची असतात. सोयाबीन निघून कापसाची वेचणी ओसरली की संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ त्यांनाही मोकळा असतो आणि हवाही कोरडी असते.

सगळ्या वायरी एकदम काढू नका. एक परिपथ सोडवा, तपासा, खुणा करा, बंद करा, मगच दुसरा घ्या. कागदी चिठ्ठ्या बांधू नका, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आकडे ठोका. आमच्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला, पट्ट्या तशाच राहिल्या. डबा २४ व्होल्ट डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, असेल तर मेगर २५० व्होल्टवर ठेवा, आणि त्याआधी दिवे व इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून घ्या. अर्ध्या मेगओहमपेक्षा कमी दाखवणारी वायर मी ठेवणार नाही. जिथे वाक आहे तिथे रबर आधी तडकते, म्हणून सरळ भाग चांगला दिसला तरी वाक तपासा.

नवी वायर घेताना घरगुती दिव्यांच्या हिशेबाने जाऊ नका. २० वॅटचे १० दिवे २३० व्होल्टवर एक अँपिअरही घेत नाहीत, पण २४ व्होल्टवर तेच ८ अँपिअरच्या वर जातात, आणि बारीक वायरीत शेवटचा दिवा मंद पेटतो. घरातला साधा एमसीबीही, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विचही, इथे चालत नाही. एसीचा, म्हणजे घरच्या विजेचा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे ठिणगी विझते, डीसीत तसे होत नाही. डीसीसाठीचा एमसीबी किंवा योग्य फ्यूजच घ्या. चार्जरपर्यंतचे २३० व्होल्टचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, गळती पकडणाऱ्या आरसीसीबीसह करून घ्या. त्यात हौस नको.

जुन्या फ्यूजच्या धारकांत ॲस्बेस्टॉसचे अस्तर असू शकते. ते खरवडू नका, कोरडा ब्रश लावू नका, जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय हातही लावू नका. बॅटरीच्या पेटीत हात घालण्याआधी काठी फिरवा, कारण खारी, गांधीलमाश्या आणि कधी साप तिथे वस्तीला असतात.

मूळ साहित्य कसे दिसायचे हे कळत नसेल तर नागपूरच्या मोतीबागेतले अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय पाहून या. मूर्तिजापूर–यवतमाळ, मूर्तिजापूर–अचलपूर आणि पुलगाव–आर्वी या मार्गांवरच्या गाड्या थांबल्या, नागपूर–नागभीडचीही २०१९ मध्ये बंद झाली. ७६२ मिलिमीटर मापाच्या रुळांवर धावलेला प्रत्येक डबा आता मोलाचा आहे. पत्राचा मसुदा तयार झाला की इथे टाका, कलमे मी वाचून पाहीन.