आधी 'नाही' म्हणायचं, मग पुढचं

प्रिय बाळ,

तुझा निरोप काल रात्री दोनदा वाचला. तुमचे उमेदवार जनमत पाहण्यांमध्ये दीड टक्क्यावर आहेत, डिबेटच्या मंचावर अगदी कडेची जागा मिळेल असं दिसतंय, आणि मिळालेल्या त्या मिनिटभरात त्यांनी पक्षाच्या ठरलेल्या भूमिकेविरुद्ध बोलावं असं तुला वाटतं. प्रचारातली अनुभवी माणसं मात्र 'आत्ता नको' म्हणतायत. बोलावं का, असं तू विचारलंस. बोलावं. पण कसं, ते मला जरा सविस्तर लिहायचंय. न्यू हॅम्पशायरमध्ये इतकी वर्षं राहिल्यावर प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवण्याचा, मोसम अंगवळणी पडतो, आणि कडेला उभ्या असलेल्या उमेदवारांकडे माझं लक्ष नेहमीच जास्त राहिलं आहे.

तू बालवाडीत होतीस तेव्हाची गोष्ट. १५ मे २००७, साउथ कॅरोलायनातलं कोलंबिया. मंचावर अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले रिपब्लिकन पक्षाचे दहा जण. त्यात टेक्ससचे काँग्रेस सदस्य रॉन पॉल, वय ७१, पेशाने प्रसूतितज्ज्ञ. इराकमध्ये सैन्य अडकलेलं, अध्यक्ष जॉर्ज बुश त्यांच्याच पक्षाचे, आणि युद्धाला विरोध म्हणजे पक्षद्रोह असं वातावरण. पॉलना परराष्ट्र धोरणाबद्दल विचारलं गेलं. ते म्हणाले, आपण तिकडे जाऊन बसलोय, दहा वर्षं इराकवर बॉम्ब टाकतोय, म्हणून ते आपल्यावर हल्ला करतात. त्यावर प्रश्नकर्त्याने विचारलं, म्हणजे ९/११चा हल्ला आपण ओढवून घेतला असं तुम्ही सुचवताय का?

इथे थांब आणि नीट बघ. 'ओढवून घेतला' हा शब्द पॉलचा नव्हता, विचारणाऱ्याचा होता. पॉलनी आधी स्वच्छ 'नाही' म्हणायला हवं होतं. ते सरळ पुढच्या मुद्द्यावर गेले: ज्यांनी हल्ला केला त्यांनी कारण काय दिलं ते ऐका, एवढंच मी म्हणतोय. मुद्दा चांगला होता, पण तो परका शब्द त्यांच्या अंगाला चिकटून राहिला. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी मध्येच बोलले. त्या हल्ल्यातून गेलेला माणूस म्हणून सांगतो, असलं विलक्षण विधान मी ऐकलेलं नाही, तुम्ही ते मागे घ्या, असा त्यांचा सूर होता. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. मी घरी सोफ्यावर होते, तरी माझ्याच पोटात गोळा आला.

पॉलनी विधान मागे घेतलं नाही. आवाजही चढवला नाही. सीआयएचे लोक स्वतःच ज्याला 'ब्लोबॅक', म्हणजे आपल्याच कारवायांचा उलटून बसणारा फटका, म्हणतात, त्यावर माझा विश्वास आहे, असं ते म्हणाले, आणि १९५३मध्ये इराणात अमेरिकेने शहाला सत्तेवर बसवलं त्याची परिणती पुढे अमेरिकन ओलीस धरले जाण्यात कशी झाली, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. टाळ्या त्यांना मिळाल्या नाहीत. पण गप्प बसवायला आलेल्या माणसासमोर तारीख, देश आणि कारण सांगता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती ऐन वेळी सुचत नाही. ती आधी शंभर वेळा बोलून झालेली असावी लागते.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहिली नाही. ती मला सर्वांत मोलाची वाटते. पॉलनी पक्षाच्याच वाडवडिलांची साक्ष काढली होती. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट नाटोच्या विरोधात होते. कोरियातलं युद्ध संपवायला लोकांनी रिपब्लिकन माणूस निवडला, व्हिएतनामचंही तसंच. खुद्द बुश २०००मध्ये नम्र परराष्ट्र धोरणाचं वचन देऊन निवडून आले होते. म्हणजे 'मी पक्षाविरुद्ध नाही, पक्ष स्वतःच्या वाटेवरून सरकलाय' अशी ही मांडणी होती. तुमच्या उमेदवारांसाठी तू हेच शोध. तुमच्या पक्षात हीच गोष्ट पूर्वी कोण बोललं होतं, कोणत्या साली, कोणत्या ठरावावर? घरातला म्हातारा बोलतो तेव्हा घर ऐकतं. बाहेरून कुणी दगड मारला तर दारं लागतात.

नंतरच्या दिवसांत मिशिगनमधल्या पक्षाच्या अध्यक्षांनी पॉलना पुढच्या डिबेटांतून वगळावं म्हणून हालचाल सुरू केली. पॉलनी काय केलं? थोड्याच दिवसांत वॉशिंग्टनला पत्रकार परिषद घेऊन जुलियानींना वाचनासाठी पुस्तकांची यादी दिली. त्यात ९/११ आयोगाचा अहवालही होता. मंचावर अपुरं राहिलेलं उत्तर त्यांनी असं पूर्ण केलं. डिबेट संपली की तुमचं काम सुरू होतं, हे तिथल्या सगळ्यांना सांग. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत पुरावे पत्रकारांच्या हातात असले पाहिजेत.

पुढे ५ नोव्हेंबर २००७ला पॉल यांच्या प्रचारासाठी एका दिवसात ४० लाखांहून अधिक डॉलर गोळा झाले, १६ डिसेंबरला सुमारे ६० लाख, आणि तेही बहुतांशी लहान देणग्यांमधून. इथे चौकाचौकांत बर्फात उभी राहून हाताने रंगवलेले फलक धरणारी पोरं मी पाहिली आहेत. आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे तिथल्या पक्षसभांमधल्या मतदानात, पॉलना जवळजवळ १० टक्के मतं मिळाली, जुलियानींना ४ टक्क्यांहूनही कमी. जुलियानींनी आयोवावर भर दिला नव्हता हे खरं, पण इथे न्यू हॅम्पशायरमध्येही दोघांत टक्काभरच अंतर होतं. उमेदवारी मात्र जॉन मॅकेन यांना मिळाली, युद्धाच्या खंद्या समर्थकाला. तेव्हा 'खरं बोललं की जिंकतो' असं मी तुला सांगणार नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. जानेवारी २००८मध्ये, आमच्या मतदानाच्याच दिवशी, पॉल यांच्या नावाने पूर्वी निघालेल्या वार्तापत्रांतला वर्णद्वेषी मजकूर एका मासिकाने छापला. ते मी लिहिलेलं नाही, पण नैतिक जबाबदारी माझी, असं ते म्हणाले. मला ते उत्तर तेव्हाही पुरलं नाही आणि आजही पुरत नाही. आपल्या नावाने वर्षानुवर्षं काय छापलं जातंय ते माणसाने बघायला हवं. जो पक्षाच्या मताला आव्हान देतो त्याची कपाटं उघडली जाणारच, आणि उघडली जायलाही हवीत. तुमच्या उमेदवारांची सगळी जुनी मतदानं, भाषणं, पत्रकं तू स्वतः वाच. काही सापडलं तर आधी त्यांना सांग, घाबरू नकोस.

पॉल यांच्यामागे एक भक्कम गोष्ट होती: ऑक्टोबर २००२मध्ये इराक युद्धाला परवानगी देणारा ठराव आला, तेव्हा प्रतिनिधी सभागृहातल्या ज्या सहा रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं त्यांतले ते एक. वारा कुठला आहे ते बघून ते बोलत नव्हते.

डेमोक्रॅट बाजूला त्याच वर्षी अलास्काचे माजी सिनेटर माइक ग्रॅव्हल होते. त्यांनी १९७१मध्ये पेंटागॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलचे गुप्त सरकारी कागद, सिनेटच्या उपसमितीत वाचून दाखवले होते, म्हणजे धैर्याची वानवा नव्हती. एप्रिल २००७च्या ऑरेंजबर्गच्या डिबेटमध्ये त्यांनी अण्वस्त्रांच्या वापरावरून ओबामांना तोंडावर विचारलं, कुणावर टाकणार आहात? ओबामा हसून म्हणाले, तूर्त कुणावरच नाही, माइक. लोक हसले आणि विषय तिथेच संपला. ग्रॅव्हल यांचा प्रश्न फार गंभीर होता, पण राग पुढे आला आणि प्रश्न मागे राहिला. ऑक्टोबरपर्यंत त्यांना मंचावरची जागाही उरली नाही. त्यांच्याबद्दल मला अजून हळहळ वाटते.

आणि २०१६. तेच साउथ कॅरोलायना, या वेळी ग्रीनव्हिल. डोनाल्ड ट्रम्प यांनी भर डिबेटमध्ये इराक युद्धाला मोठी चूक म्हटलं. सभागृहाने हुर्यो उडवली. आठवड्याने तिथली प्रायमरी त्यांनीच जिंकली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, अध्यक्ष बुश यांचे भाऊ जेब, त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. यातून मी दोन गोष्टी शिकले. सभागृहात बसलेली माणसं म्हणजे मतदार नव्हेत, त्यांच्या हुर्योने उमेदवाराचा घसा कोरडा पडू देऊ नकोस. दुसरी कडू आहे. २००७मध्ये पॉलनी पेरलेलं पीक ज्याने कापलं, त्याने युद्धापूर्वी, २००२मध्ये, रेडिओवर त्याच युद्धाला जेमतेम का होईना होकार दिला होता. रॉन पॉल यांचे चिरंजीव रँड तोवर शर्यतीतून बाहेर पडले होते. आपण बोललेलं खरं ठरतं तेव्हा त्याचं श्रेय आणि ताबा दुसऱ्याकडे असू शकतो. हे सोसायची तयारी आहे का, ते तुमच्या उमेदवारांना विचार. तुलाही विचारतेय.

माझं स्वतःचं सांगते. आमच्या गावच्या मार्चमधल्या सभेत एकदा शाळेच्या खर्चावरून मी सगळ्यांच्या विरुद्ध उभी राहिले. मुद्दा बरोबर होता. पण एकाने विचारलं, 'म्हणजे तुम्हाला मुलांचं नुकसान चालेल?' आणि मी त्याचाच शब्द धरून दहा मिनिटं स्वतःचा बचाव करत बसले. आकड्यांचा कागद पर्समध्येच राहिला. मतदानाची कार्डं वर गेली तेव्हा माझ्या बाजूने मोजून चार होती.

म्हणून शनिवारी इकडे ये, आणि जमलं तर त्यांनाही घेऊन ये. मी प्रश्नकर्ती होईन आणि प्रत्येक प्रश्नात एक वाकडा शब्द घालीन. त्यांनी आधी 'नाही' म्हणायचं, मग एक साल, एक नाव, एक कारण. साठ सेकंद झाले की मी थांबवणार. त्यांचं गेल्या सगळ्या वर्षांचं मतदान छापून आण, आणि पक्षाचे जुने जाहीरनामे मिळतील तेवढे. जेवायला पिठलं-भाकरी करते.

तुझी,
मावशी