सीएचओची नोकरी सोडून इंग्लंडला येऊ का?

ताई म्हणून विचारलंस, तेव्हा सविस्तरच लिहिते. तुझं म्हणणं थोडक्यात असं: बी.एस्सी. नर्सिंग झालंय, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून तीन वर्षं झाली. ट्रेनिंगवर ट्रेनिंग होतात, नवा प्रोटोकॉल येतो, सह्या होतात आणि उपकेंद्रावर परत आलं की सगळं जिथल्या तिथं. हे असं का होतं आणि कसं बदलायचं, ते शिकवणारं इम्प्लिमेंटेशन सायन्सचं एक वर्षाचं मास्टर्स इंग्लंडात आहे. बाबा शेतावर कर्ज काढायला तयार आहेत. नवरा आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येतील, असं तू धरून चालली आहेस.

मी निपाणीची. नर्सिंग बेळगावात केलं, गेली बारा वर्षं बर्मिंगहॅममध्ये आहे. आधी वॉर्डावर होते, आता रुग्णालयाच्या सुधारणा विभागात.

आधी नवरा-मुलीचं बोलू. जानेवारी 2024 पासून अशा मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना नवरा-मुलं बरोबर आणता येत नाहीत. संशोधन पदवीची गोष्ट वेगळी. एजंट हे शेवटी सांगतात, फी भरून झाल्यावर. डिग्रीनंतर काम शोधायला राहता येतं त्याची मुदत आतापर्यंत दोन वर्षं होती. 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष. तेवढ्यात व्हिसा देणारा मालक मिळायला हवा. माझ्या विभागातल्या जागा थोड्या, आणि त्या बहुतेक आतल्याच, वॉर्डावर वर्षं काढलेल्या माणसांना मिळतात. एक वर्षाची डिग्री घेऊन बाहेरून थेट त्या खुर्चीत बसलेली मुलगी मी तरी अजून पाहिलेली नाही.

दुसरी वाट नर्सचीच. इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएस असेल तर 7, लेखनात 6.5 चालतात), इंडियातच देता येणारी सीबीटी (संगणकावरची परीक्षा), मग इथं येऊन ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा). सुरुवात बँड 5 वर, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीवर. या वाटेवरही आता गर्दी नाही, कारण भरतीच आटलीय. मी आले तेव्हा रुग्णालयं विमानाचं तिकीट पाठवायची, आता तसं राहिलं नाही. तरी मला विचारशील तर हीच वाट. दोन-तीन वर्षं वॉर्डावर काढ, मग नोकरी सांभाळून तेच मास्टर्स कर. फीचा काही भाग कधी कधी रुग्णालय उचलतं. शेताचा सातबारा बँकेत ठेवून येऊ नकोस. (कर्नाटकात त्याला सातबारा नाही, उतारा म्हणतात, माहीत आहे. पण निपाणीत आमच्या तोंडात सातबाराच बसलाय.)

आता खरा मुद्दा. इकडं संशोधन छापून आलं की सोमवारपासून वॉर्डात सुरू होतं, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तसं नसतं ग. मॅग्नेशियम सल्फेट तुला माहीतच आहे, झटके येणाऱ्या बाळंतिणीला देतो ते. फार लवकर होणाऱ्या बाळंतपणाच्या आधी आईला ते दिलं तर बाळाला सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका कमी होतो. एका डोसाचा खर्च साधारण एक पौंड. ‘नाइस’ म्हणजे इथली मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था, तिनं 2015 ला ते द्या म्हणून सांगितलं. तरी कितीतरी ठिकाणी दिलं जात नव्हतं. कुणाचा विरोध नव्हता, घाईच्या वेळी कुणाला आठवायचं नाही एवढंच. पश्चिम इंग्लंडातल्या पाच रुग्णालयांनी ‘प्रीसेप्ट’ नावाचा उपक्रम घेतला आणि प्रमाण 21 टक्क्यांवरून 88 वर गेलं. पुढं तो देशभर नेला. त्यात जादू काय होती? प्रत्येक युनिटात एका मिडवाइफला या कामासाठी पगारी तास वेगळे काढून दिले. ती रोज बघायची कुणाला दिलं, कुणाचं राहिलं, आणि ज्याच्याकडून राहिलं त्याच्याशी जाऊन बोलायची. पोस्टर, व्हिडिओ होतेच, पण माझ्या मते काम केलं ते त्या तासांनी. तुझ्या ट्रेनिंगमध्ये हेच नसतं: सोमवारी उपकेंद्रावर हे कुणी बघायचं, आणि त्यासाठी त्याचं दुसरं कुठलं काम कमी करायचं.

माझीच फजिती ऐक. बाळंतपणानंतर अंगावरून गेलेलं रक्त डोळ्यांनी अंदाजायचं नाही, पॅड वजन करून मोजायचं, असं आमच्याकडं ठरलं. मी स्लाइड केल्या, तीन पाळ्यांना शिकवलं. महिन्यानं बघितलं तर वजनाचा रकाना निम्म्याहून जास्त केसशीटवर रिकामा. मग एक रात्र स्वतः उभी राहिले. वजनकाटा कॉरिडॉरच्या टोकाला, धुण्याच्या खोलीत. बाळंतिणीला सोडून रक्तानं भरलेले पॅड घेऊन तिकडं जाणार कोण? काटा लेबर रूममध्ये आणला, रकाना भरायला लागला. माझ्या स्लाइड वाया गेल्या.

आणि हे मोजण्याचं वेड मला लागलं बेळगावात, इकडं नाही. लोकांना सांगितलं तर पटत नाही, पण तुझा जिल्हा या विषयात जगात ठाऊक आहे. आपल्याकडच्या खेड्यांत एएनएमनी (उपकेंद्रावरच्या नर्सनी) केलेल्या बाळंतपणांत रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा अभ्यास झाला. 1,620 बायका, 2006 ला ‘लॅन्सेट’मध्ये आला. जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. रक्त मोजायला बाळंतिणीखाली अंथरायची खुणांची पिशवी असलेली प्लास्टिकची शीटही तेव्हाच तिथं वापरात आली. त्या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी आल्या 2011 ला. पाच वर्षं, आणि हे जलद समजतात. तसल्याच खुणांच्या शीटवर बेतलेला ‘ई-मोटिव्ह’ हा मोठा अभ्यास बर्मिंगहॅम विद्यापीठानं आफ्रिकेतल्या चार देशांत केला. निकाल 2023 ला आला तेव्हा माझ्या इथल्या सहकारी कौतुकानं त्या शीटबद्दल बोलायला लागल्या. मी म्हटलं, अगं, ही तर मी विद्यार्थिनी असताना बघितलीय.

गोकाकचं तुला सांगायलाच हवं. सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेनं आधी आपल्या गोकाकमध्ये करून बघितली. आवश्यक 29 गोष्टींपैकी आधी सरासरी 10 होत होत्या, नंतर 25. मग तीच चेकलिस्ट उत्तर प्रदेशात 120 दवाखान्यांत, दीड लाखावर बाळंतपणांत नेली, आठ महिने कोच पाठवले. दोन महिन्यांनी 73 टक्के गोष्टी व्हायला लागल्या. कोच गेल्यावर, बाराव्या महिन्यात, 62. आणि आई-बाळाचे मृत्यू? फरक नाही. हा 2017 चा निकाल मी दर नव्या सहकाऱ्याला वाचायला देते. मला त्यातून दिसतं ते असं: कागदानं हात धुवायची आठवण होते, रक्तपेढी जवळ येत नाही, रात्री गाडीला ड्रायव्हर मिळत नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं तर त्याहून पुढचं. दिवस भरायच्या आधी बाळंतपण होणार असेल तर आईला ते दिलं की बाळाची फुफ्फुसं तयार होतात, हे 1972 पासून माहीत. सहा देशांत ते खेड्यापर्यंत पोचवून बघितलं, त्यात बेळगाव आणि नागपूरही होतं. 2015 ला आलेल्या निकालात लहान बाळं वाचली नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले, आयांना जंतुसंसर्गाची शंका वाढली. 2020 ला दुसरा अभ्यास आला, रुग्णालयातला: सोनोग्राफीनं दिवस नक्की केलेले, नवजात बाळांची काळजी घ्यायची सोय असलेली. तिथं मृत्यू कमी झाले. औषध एकच. म्हणून ‘संशोधन सांगतंय ना, मग राबवा’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, ते संशोधन झालं कुठं.

इथल्या वर्गात हेच शिकवतात, नावं देऊन: आरई-एआयएम, सीएफआयआर असले आराखडे. उपयोगी आहेत, पण त्यांतलं निम्मं तू रोज जगतेस. तुझ्या भागातल्या बायका मराठी बोलतात, पोस्टर कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत, आणि तिन्हींचा मेळ आशाताई तोंडी घालते. तो मेळ घालताना प्रोटोकॉलमधलं काय गळतं, हे इथल्या प्राध्यापकाला कळायला दोन वर्षं लागतील.

यायचं की नाही ते नंतर ठरव. आधी एवढं कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘टीडीआर’ कार्यक्रमाचा इम्प्लिमेंटेशन रिसर्चचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, तो पुरा कर. आणि तुझ्या रजिस्टरातले शेवटचे दोनशे बीपी काढ. वरचा आकडा शून्यावर संपणारे किती, ते मोज. डिजिटल मशीन असेल तर दहात एक यायला हवा, पाऱ्याचं असेल तर पाचात एक. निम्मे शून्यावर संपत असतील तर आकडे मशीनचे नाहीत, हाताचे आहेत. कुणावर ओरडू नकोस. आठवडाभर शेजारी बसून बघ, पट्टा फाटलाय का, सेल संपलेत का, की बाहेर चाळीस माणसं थांबलीत. एक गोष्ट बदल, महिन्यानं पुन्हा दोनशे मोज.

ते दोन आकडे मला पाठव, रुग्णांची नावं न घालता. अर्जाचा निबंध कसा लिहायचा ते मग बोलू.