ग्वाल्हेरच्या उमशीत रीफ टँक: मे महिन्यात पुरणारा पंखा जुलैत का पुरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वरच्या मजल्यावर 3 फुटी रीफ टँक (जिवंत कोरलचं, म्हणजे प्रवाळांचं खाऱ्या पाण्यातलं मत्स्यालय), संप (टँकखालची जोडटाकी) धरून साधारण 200 लीटर पाणी. नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) बाहेर 45 अंश असताना दोन पंख्यांवर पाणी 27ला टिकलं. आता जुलैच्या उमशीत, म्हणजे दमट उकाड्यात, बाहेर 33 अंशच आहे, तरी पाणी 30.5 दाखवतंय आणि हॅमर कोरल मिटून बसलाय. पंखे बदलायचे की चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यायचा?

पंखे ठीक आहेत, बदलू नका. पंखा पाणी गार करतो ते बाष्पीभवनाने, आणि त्याला कोरडी हवा लागते. 1 लीटर पाणी उडालं की विजेच्या पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी इतकी उष्णता सोबत जाते. 200 लीटर पाणी 1 अंशाने उतरवायला तिसरा हिस्सा लीटर उडालं तरी पुरतं. लू (उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा) चालते तेव्हा हवेत दमटपणा 15-20 टक्के असतो, म्हणून पाणी भराभर उडतं. जुलैत तोच 80 टक्क्यांवर गेला की उडणं जवळपास थांबतं.

याची मर्यादा घरीच मोजता येते, आणि चिलरवर पैसे टाकण्याआधी ती मोजाच. डिजिटल थर्मामीटरच्या प्रोबला मलमलची ओली चिंधी गुंडाळा आणि पंख्यासमोर 10 मिनिटं धरा. आकडा जिथे स्थिरावेल, त्याच्या खाली त्या खोलीत कुठलाही पंखा पाणी नेऊ शकत नाही. पंप आणि दिव्याची उष्णता असतेच, त्यामुळे टँकचं पाणी त्या आकड्याच्या थोडं वरच राहतं. 44 अंश आणि 15 टक्के दमटपणाला हा आकडा 23च्या आसपास येतो, म्हणून तुमचं पाणी 27ला टिकलं. 33 अंश आणि 80 टक्क्यांना तो 30 येतो. 30.5 का दिसतंय याचं उत्तर इथेच आहे. चिंधीचा आकडा 25च्या वर गेला की फक्त पंख्यावर विसंबू नका.

आता उपाय. त्या खोलीत एसी असेल आणि दिवसाही चालवणं परवडत असेल, तर माझं मत एसीकडे. 28वर लावा आणि टँकचे पंखे चालूच ठेवा. एसी हवा सुकवतो, त्यामुळे पंखे पुन्हा कामाला लागतात आणि पाणी 26च्या आसपास येतं. कूलरचं मात्र उलटं आहे. लूमध्ये तो खोली उतरवतो, पण उमशीत आधीच ओल्या हवेत आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यातही कूलरसमोरची खिडकी उघडी हवी, आणि त्याचा झोत थेट टँकवर नको, कारण धूळ सगळी पाण्यात येते.

खोली दिवसभर बंद राहत असेल तर चिलरच घ्या. खोक्यावर 1/10 एचपीपुढे 200 लीटर लिहिलेलं असतं, पण ते सौम्य हवामानाचं गणित. इथे 33 अंशांच्या खोलीत काचेतून येणारी उष्णता, पंप आणि दिवा मिळून तो सतत चालत राहील आणि लवकर दमेल. एक माप वरचा घ्या. टँकखालच्या कपाटात ठेवू नका. स्वतःचीच गरम हवा ओढून तो काहीच गार करत नाही. मागे-पुढे वीतभर तरी मोकळी जागा हवी, जाळीवरची धूळ दर पंधरवड्याला काढा आणि पंपाचा प्रवाह चिलरवर दिलेल्या मर्यादेतच ठेवा. चिलर 26.5ला सुरू आणि हीटर 25ला बंद, एवढं अंतर ठेवलं की दोघं एकमेकांशी भांडत नाहीत.

एक गोष्ट बरेच जण चुकतात. उमशीत चिलर चालू असताना टँकवरचे पंखे बंद करा. पाणी 26.5 आणि चिंधीचा आकडा 30 असेल तेव्हा पंखा पाण्याला उष्णताच देतो. बाहेरून काचेला घाम फुटला असेल तर तीच खूण समजा.

चिलर येईपर्यंत: दिव्याची तीव्रता 30-40 टक्के कमी करा आणि दिवे संध्याकाळी 6 ते रात्री 1 या वेळेत लावा. कोरलच्या ऊतीत राहणारी शैवालं गरम पाण्यात प्रखर उजेड पचवू शकत नाहीत. त्यांच्यात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, मग कोरल त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. म्हणून उष्णता हटवता येत नसेल तेव्हा निदान उजेड तरी हटवा. घट्ट झाकणाच्या गोठलेल्या बाटल्या संपमध्ये सोडता येतात. 1 लीटरच्या बाटलीने तुमचं पाणी साधारण अर्धा अंश उतरतं. तासाला एकच बाटली, अधिक घाई नको.

वेव्हमेकरचं (टँकमधलं पाणी फिरवत ठेवणाऱ्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे वळवा. 25 अंशांना खाऱ्या पाण्यात लीटरमागे 6.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30ला सुमारे 6.2, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. वीज गेली की मासे बहुतेक वेळा उष्णतेआधी गुदमरून जातात. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आधी लावा. चिलर, हीटर त्यावर नकोत.

टॉप-अपबद्दल, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढण्याबद्दल: कोरड्या दिवसांत तुमच्या टँकचं दिवसाला 4-5 लीटर उडत असणार. मीठ मागेच राहतं, त्यामुळे एका दिवसात क्षारता (पाण्यातलं मीठ, हजार भागांत) 35वरून जवळपास 36वर जाते. म्हणून ऑटो टॉप-अप लावा, त्यात आरओडीआयचं (गाळून क्षार काढून टाकलेलं) गोडं पाणीच भरा, खारं कधीच नाही. काचेचं झाकण काढून जाळी लावा, नाहीतर वाफ आतच अडकते.

आणि हिवाळा विसरू नका. जानेवारीत खोली 14वर उतरते, म्हणजे 11 अंशांचा फरक. 200 लीटरला एकूण 200 वॉट लागतात, पण 100चे दोन हीटर घ्या. एक चालूच अडकला तरी तो एकटा टँक शिजवू शकत नाही, आणि एक मेला तरी दुसरा पाणी एकदम कोसळू देत नाही. दोन्ही एका बाहेरच्या कंट्रोलरवर (प्रोबने तापमान वाचून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर), हीटरची स्वतःची डायल त्याहून 1 अंश वर. हीटर संपमधल्या रिटर्न पंपाच्या (पाणी वर टँकमध्ये पाठवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात नको, तिथली पातळी उडण्याने घटते आणि उघडी पडलेली काच तडकते. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या उपकरणाच्या) कप्प्यात पातळी स्थिर असते.

कंट्रोलरचा प्रोब संपमध्येच, हीटरच्याच पाण्यात पण त्याला न चिकटता, सक्शन कप आणि झिप टाय दोन्हींनी पक्का. तो वरच्या टँकमध्ये असेल आणि रिटर्न पंप थांबला, तर वर थंड होणारं पाणी पाहून कंट्रोलर खालचा संप तापवत राहतो. तो सुटून हवेत लोंबला तर जानेवारीची हवा वाचून हीटर बंदच होत नाही. कुटलेला बर्फ आणि थोडं गोडं पाणी यांच्या लगद्यात प्रोब बुडवून 0 दाखवतो का ते दर सहा महिन्यांनी तपासा. सगळी उपकरणं 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) घ्या आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं खारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

आज चिंधीचा आकडा दुपारी 4ला आणि रात्री 11ला घेऊन इथे टाका, खोलीत एसी आहे का तेही लिहा. हॅमरची ऊती सांगाड्यापासून सुटत असेल तर लगेच सांगा, त्याला वेगळे उपाय लागतील.